आठ महिने टॅप कार्ड वापरल्यावर

गेले आठ महिने बस आणि मेट्रो दोन्हींसाठी मी एकच टॅप कार्ड वापरतेय. रांगा वाचल्या, सुट्ट्या पैशांची कटकट गेली. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती भाड्याची कमाल मर्यादा. दिवसात कितीही फेऱ्या होवोत, ठरलेल्या रकमेनंतर पैसे कापले जात नाहीत, आठवड्यालाही तसंच. मासिक पास स्वस्त पडतो हे कोणाला कळत नाही? पण एक तारखेला एवढे पैसे एकदम काढणं ज्यांना जमत नाही, ते रोज सुटं तिकीट काढतात आणि महिनाअखेर पासवाल्यापेक्षा जास्त भरून बसतात. लंडनच्या ऑयस्टर कार्डावर दिवसाची मर्यादा २००५ मध्येच आली होती.

एक बस सोडून दुसरी बस किंवा मेट्रो धरण्याचंही तसंच. थेट बस नसणाऱ्याने दोनदा भाडं का भरावं? दक्षिण कोरियातल्या सोल शहराने २००४ मध्ये बस आणि मेट्रो मिळून अंतरावर भाडं लावलं, ते मला पटतं.

आता त्रास. मोबाइलवरून रिचार्ज केलं तरी शिल्लक लगेच कार्डावर येत नाही. आधी स्टेशनातल्या मशीनला कार्ड टेकवावं लागतं. कारण रक्कम कार्डाच्या चिपमध्येच लिहिलेली असते. म्हणूनच नेटवर्क नसलं तरी गेट क्षणात उघडतं, हेही खरं. पण हे मशीनवर ठळक लिहायला नको का? माझ्यापुढे एक आजी तीनदा कार्ड टेकवून, ‘पैसे भरलेत हो, मुलाने भरलेत,’ म्हणत उभ्या होत्या.

दुसरा त्रास उतरतानाचा. पावसात, गर्दीत, एका हातात पिशवी घेऊन मी मागच्या दाराने उतरले. कार्ड टेकवलं, आवाज आला, मी निघाले. तो आवाज नोंद न झाल्याचा होता! कुठे उतरले हे यंत्राला कळलं नाही, म्हणून त्या मार्गाचं सर्वात जास्त भाडं कापलं गेलं. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, पण अकरा दिवसांनी. नोंद झाली आणि नाही झाली, दोन्हींचा आवाज जवळजवळ सारखाच आहे, आणि पडद्यावरची बारीक अक्षरं उतरताना कोण वाचणार? ज्यांना नीट दिसत नाही त्यांना तर आवाजाचाच आधार. तो बदलायला नवं यंत्रही लागत नाही.

कार्ड मी सोडणार नाही. पण तो आवाज बदलेपर्यंत दारात थांबून पडद्यावर हिरवं दिसल्याशिवाय खाली पाय ठेवत नाही.