टायगर मॉथचं छोटं मॉडेल: विमान झकास, मोटर मात्र बदला

रिमोटवर उडणारं बायप्लेन (एकावर एक दोन पंखांचं विमान) घेऊ घेऊ म्हणत तीन वर्षं नुसता फोटो बघत बसलो होतो, शेवटी घेतलं एकदाचं. टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाचं फोमचं किट आहे, पंखांची लांबी ८९ सेमी, म्हणजे खऱ्या विमानाच्या जवळजवळ बरोब्बर एक दशांश (खऱ्याचे पंख ८.९४ मीटर), चार चॅनेल (रिमोटवरून चार गोष्टी वेगवेगळ्या चालवता येतात), मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) सोबत येतात, चारही सर्वो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) आधीच बसवलेले, आपण फक्त रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा) आणि बॅटरी टाकायची. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, हेच किट तीनचार वेगवेगळ्या नावांनी विकलेलं बघितलंय, त्यामुळे ओळखणारे ओळखतीलच. चाळीसेक उड्डाणं झाली, आता लिहायला हरकत नाही.

आधी कौतुक. दिसायला हे विमान जाम सुंदर आहे. वरचा पंख पुढे सरकवलेला, दोन्ही पंख थोडे मागे वळलेले, ते वळण मॉडेलमधेही नीट पकडलंय. त्या वळणामागची गोष्ट मला फार आवडते. टायगर मॉथ १९३१ साली पहिल्यांदा उडालं, जुन्या मॉथ विमानावरून बनवलेलं. आता हे शिकवायचं विमान, त्यामुळे पुढच्या सीटवरच्या माणसाला पॅराशूट घेऊन पटकन बाहेर पडता आलं पाहिजे, आणि जुन्या रचनेत नेमका त्याच्या डोक्यावर पंख. मग वरचा पंख पुढे ढकलला. पण पंख पुढे गेला की सीजीचं (सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू) गणित फिसकटतं, म्हणून पंखांची टोकं मागे वळवली आणि हिशोब जुळवला. म्हणजे खरं विमान बनवणाऱ्यांनाही सीजीने छळलंय, आपण कोण. याच सीजीने माझी काय हालत केली ते पुढे येईलच.

फोम ईपीओ जातीचा आहे, साधा सुपरग्लू चालतो, विरघळत नाही. खोक्यातून काढलं तेव्हा खालच्या पंखाचं टोक दबलेलं होतं, ते उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरलं तर फुगून जवळपास जागेवर आलं, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी लक्षात ठेवा, ईपीओला हा उपाय मस्त लागू पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे दोन पंखांमधल्या दांड्यांपैकी एक चुकीच्या बाजूची आली, म्हणजे डाव्या बाजूच्या तीन आणि उजवीची एकच. विक्रेत्याला फोटोसकट कळवलं. उत्तर आलं की मॅन्युअल नीट वाचा. मॅन्युअलमधे वाचण्यासारखं काही नाहीच हो, सगळी चित्रं आहेत! परत कळवलं, मग उत्तर येणंच बंद झालं.

जोडायला एक संध्याकाळ पुरते असं खोक्यावर लिहिलंय, मला तीन लागल्या. पंख आणि शेपूट बसवणं सोपं आहे, वेळ खातात त्या दांड्या आणि दोऱ्या. खऱ्या विमानात असतात तशा तारा दाखवायला लवचीक दोरा दिलाय, उडण्यासाठी त्याची काडीचीही गरज नाही, पण तो लावल्याशिवाय बायप्लेन बायप्लेन वाटत नाही हेही खरं. मी लावला. आता दर वेळी विमान उचलताना बोटं अडकतात आणि घरातलं कोणीतरी विचारतं की हे कपडे वाळत घालायचं यंत्र आहे का.

आता मुख्य मुद्दा, मोटर.

किटमधे छोटी १८०० केव्हीची मोटर आणि ७×५ चा प्रॉप (पुढचा पंखा, ७ इंच व्यास आणि ५ इंच पिच, म्हणजे एका फेऱ्यात कागदावर ५ इंच पुढे) येतो, बॅटरी ३एस, म्हणजे तीन सेलची. केव्ही म्हणजे लोड नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे. हे कॉम्बिनेशन एखाद्या निमुळत्या, वेगात जाणाऱ्या विमानाला शोभलं असतं. बायप्लेनचं दुखणं वेगळं असतं. दोन पंख, आठ दांड्या, दोऱ्या, उघडी चाकं, हे सगळं हवेत अडतं. त्यात दोन पंख म्हणजे दुप्पट लिफ्ट असं पण नाही, कारण वरच्या पंखाखालची दाबाची हवा आणि खालच्या पंखावरची कमी दाबाची हवा एकमेकांच्या कामात लुडबुड करतात. तर असं विमान जोरात पळणारच नाही, कितीही मोटर फिरवा. त्याला हवी असते कमी वेगातली दमदार ओढ.

मी वॉटमीटर लावून मोजलं, आणि हातातला वजनकाटा शेपटीला बांधून ओढ पण मोजली. मूळ मोटर फुल थ्रॉटलला (म्हणजे पूर्ण जोर दिल्यावर) १४ अँपिअर खात होती, १५० वॉटच्या आसपास, आणि ओढ ५४० ग्रॅम. फेरे मिनिटाला १२ हजार. आता ५ इंच पिचचा प्रॉप १२ हजार फेऱ्यांनी फिरला तर कागदावर त्याचा वेग निघतो ताशी ९० किमी. आणि हे विमान आरामात उडतं ताशी ३५ ने! चढावर सायकल टॉप गिअरमधे मारण्यासारखंच आहे हे, घाम भरपूर आणि पुढे सरकणं बेताचं. आवाज पण कानाजवळ डास घोंघावतोय तसा, टायगर मॉथ बघायचं आणि डास ऐकायचा.

मग २२१२ साइजची १००० केव्हीची मोटर आणली, कुठेही मिळते ती साधी, आणि ९×४.७ चा स्लो फ्लाय प्रॉप लावला. ईएससी मूळचाच २० अँपिअरचा ठेवला. मीटर काय म्हणालं बघा: १० अँपिअर, ११० वॉट, ओढ ६८० ग्रॅम. म्हणजे वीज पाव हिश्शाने कमी आणि ओढ पाव हिश्शाने जास्त! फेरे ७८००, प्रॉपचा कागदी वेग ताशी ५५ किमी, म्हणजे विमानाच्या वेगाच्या जरा वर, जसा पाहिजे तसा. मोठा प्रॉप भरपूर हवा हळू मागे ढकलतो, छोटा प्रॉप थोडी हवा जोरात फेकतो, आणि कमी वेगात पहिल्याचंच चालतं. पहिल्यांदा थ्रॉटल दिला तेव्हा तो घुर्रर्र असा जाड आवाज आला आणि मी एकटाच हसत उभा होतो मैदानात.

याचा दुसरा फायदा मला आधी लक्षातच आला नव्हता. बायप्लेनचं नाक आखूड असतं, त्यामुळे वजन पुढे आणायला जागाच नाही. मूळ मोटर ४० ग्रॅमची आणि बॅटरी १००० एमएएचची, ती काउलच्या (नाकावरच्या झाकणाच्या) भिंतीला चिकटवून ठेवली तरी नाकात २५ ग्रॅम शिसं टाकावं लागत होतं. निव्वळ वजन, काही काम न करणारं. नवीन मोटर ५० च्या वर आहे, बॅटरी १३०० ची घेतली, शिसं काढून फेकलं. उडताना एकूण वजन ५३० ग्रॅम भरतं. शिसं भरण्यापेक्षा तेच वजन मोटर आणि बॅटरीत घाला ना, निदान त्याच्याकडून काम तरी होईल.

मोटर बदलली की दोन वॉशर जवळ ठेवा. ओढ वाढल्यावर थ्रॉटल देताच नाक वर जायला लागलं, म्हणून मोटरच्या वरच्या दोन स्क्रूमागे एकेक वॉशर टाकून मोटर जराशी खाली वाकवली. मग डावीकडे पण ओढतंय असं दिसलं, तेव्हा मागून बघितल्यावर डाव्या बाजूला येणाऱ्या स्क्रूमागे अजून एक टाकला. दोन डिग्री असेल नसेल, पण ट्रिमशी (विमान सरळ ठेवायला रिमोटवर करायची बारीक दुरुस्ती) मारामारी संपली.

आता सीजी. मॅन्युअलमधल्या चित्रात जिथे खूण दाखवलीय तिथे सीजी ठेवून मी पहिलं उड्डाण केलं, तेव्हा अजून मूळची मोटर होती. पळत पळत गेलं, डावीकडे वळलं, मी रडर (शेपटीचा उभा हलता भाग, नाक डावीउजवीकडे वळवणारा) द्यायला उशीर केला, तरी उचललं गेलं आणि मग सुरू झाला झोका. नाक वर, मी खाली दाबलं, नाक धाडकन खाली, मी वर ओढलं, असं समुद्रातल्या होडीसारखं चाललं होतं आणि गुडघे कापत होते माझे. कसंबसं उंच गवतात आणून टाकलं. नंतर बसून पंखाची सरासरी रुंदी आणि मागे वळलेलं वळण धरून हिशोब केला, तर खूण बरीच मागे होती. बॅटरी पुढे सरकवून सीजी खुणेच्या १० मिमी पुढे आणला, आणि तेच विमान गाईसारखं गरीब झालं. हे किट कोणी घेतलं तर बाकी काही ऐकू नका पण हे १० मिमी ऐका.

उडवायला कसं आहे? थ्रॉटल अर्ध्यावर ठेवलं की डोळ्यासमोरून इतकं हळू जातं की दोऱ्या मोजता येतील. पण वळवायला नुसत्या एलेरॉनवर (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, विमान एका बाजूला कलवणारे) जाऊ नका. खऱ्या टायगर मॉथसारखे एलेरॉन फक्त खालच्या पंखाला आहेत, खाली गेलेला एलेरॉन त्या बाजूला हवेत जास्त अडतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला सरकतं, मग विमान तिरकं तिरकं घसरत जातं. दोन एलेरॉन वाय केबलने (दोन सर्वो एकाच चॅनेलला जोडणारी) एकत्र जोडून दिलेत, मी ते सोडवले, वेगवेगळ्या चॅनेलला लावले आणि रिमोटमधे वर जाणं पूर्ण, खाली जाणं निम्मं असं ठेवलं. तरी डाव्या बोटाने रडर द्यावाच लागतो. आधी रडर, मग एलेरॉन, मग किंचित एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग, नाक वरखाली करणारा). ज्यांनी आत्तापर्यंत रडरचा उपयोग फक्त जमिनीवर केलाय (मी पण त्यातलाच) त्यांना हे विमान पंधरा दिवसात सरळ करतं. मित्राच्या रिसीव्हरमधे जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारा सेन्सर) होता, त्याने तो चालू करून उडवलं, छान स्थिर गेलं, पण चूक झाकली जाते आणि शिकायचं राहून जातं असं माझं मत. वाऱ्यात चालू ठेवा, हरकत नाही.

लूप होतो, जरा डाइव्ह देऊन. रोल म्हणजे आडवा वळसाच, घाई नाही त्याला. वारा ताशी १२ किमीच्या वर असेल तर मी खोक्यातून काढतच नाही, एवढ्या हलक्या विमानाचा पतंग होतो, आणि वाऱ्याविरुद्ध अक्षरशः जागेवर उभं राहतं.

लँडिंगवर सगळ्यात जास्त पैसे आणि गोंद गेला. दुसऱ्या बॅटरीच्या वेळी आपल्या ट्रेनरला (शिकाऊ मॉडेलला) करतो तसं तीन मीटरवर आल्यावर थ्रॉटल बंद केला, ट्रेनर कसं तरंगत येतं, हे काही तरंगलं नाही, वीट सोडल्यासारखं खाली. चाकांची तार फोमचा तुकडा घेऊन उपटून आली. फोमलाच नुसती चिकटवलेली आहे ती, हा किटचा खरा दोष. मी आत तीन मिमीच्या प्लायवूडची पट्टी इपॉक्सीने बसवली, तार तिला बांधली, त्यानंतर पंचवीस लँडिंग झाली, हललेली नाही. तुम्ही जोडतानाच करून टाका. आणि थ्रॉटल पाव तरी ठेवून आणा, चाकं टेकल्यावर बंद करा, आणि टेकल्यावर एलिव्हेटर वर ओढून धरा, नाहीतर गवतात नाक खुपसून उलटं होतं. उलटं झालं तरी काही मोडत नाही म्हणा, फक्त बघणाऱ्यांसमोर जाऊन सरळ करावं लागतं.

बॅटरीचं झाकण पोटाखाली आहे, मॅग्नेटचं, चांगलं घट्ट बसतं. पण बॅटरी बदलताना विमान उलटं धरायचं आणि वरच्या पंखावर टेकवायचं, म्हणून मी फोमचे दोन खाचवाले तुकडे कापून घेतलेत. ३एस १३०० एमएएच, २५सी (क्षमतेच्या २५ पट अँपिअर देऊ शकणारी) पुरे झाली. चार्जिंग १.३ अँपिअरने. टायमर १० मिनिटांचा लावलाय, उतरल्यावर सेलला ३.७५ च्या आसपास व्होल्ट म्हणजे तीसेक टक्के शिल्लक असते, तेवढी ठेवाच, परत फेरी मारायची वेळ येते. मूळ मोटरवर हेच विमान सहा मिनिटांत बॅटरी संपवत होतं, बॅटरी थोडी छोटी होती हे धरूनही फरक मोठा आहे. आठवडाभर उडवायचं नसेल तर सेल ३.८ ला आणून ठेवा, भरलेल्या ठेवून माझ्या दोन फुगल्या, ती चूक सर्वस्वी माझी.

पहिलं विमान म्हणून घेऊ नका, एलेरॉनवालं एखादं ट्रेनर नीट उतरवता येत असेल तर बिनधास्त घ्या. मला किटला पाचपैकी तीन द्यावेसे वाटतात, मोटर बदलल्यावर साडेचार. अर्धा त्या चाकांच्या तारेचा कापला. आणि विक्रेत्याला शून्य.

एकाने विचारलं की मग १०×४.७ का नाही लावला. लावून बघितला. ओढ अजून थोडी वाढली, पण चाकांची उंची कमी पडते, टेक-ऑफला शेपूट उचलली की प्रॉप गवत कापायला लागतो, दोन प्रॉप तसे गेले. सिमेंटची पट्टी असेल तर बघा.

आणि ती उलटी आलेली दांडी शेवटी आलीच नाही. प्लायवूडची घरी कापली, रंग काही जुळला नाही, दहा मीटर वर गेल्यावर कोणाला दिसतंय.