टोंडर की स्वार्ते: कोणाचा रस्ता धरायचा?

कॉमिक्स काढूनच पोट भरायचं असं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी नेदरलँड्समधल्या दोन चित्रकारांचे रस्ते जरूर पाहावेत. एक मार्टेन टोंडर (१९१२–२००५), दुसरे १९४७ साली जन्मलेले योस्ट स्वार्ते. दोघंही थोर, पण दोघांचं एकाच वेळी अनुकरण करता येणार नाही.

टोंडर यांनी आयुष्यभर एकच जग उभं केलं. मार्च १९४१ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, ‘दे टेलेग्राफ’ या दैनिकात त्यांची टॉम पूस मालिका सुरू झाली. टॉम पूस म्हणजे छोटा पांढरा बोका, हुशार आणि मितभाषी. त्याच वर्षी गढीत राहणारं बॉमेल नावाचं श्रीमंत अस्वल कथेत शिरलं आणि हळूहळू नायकाची जागाच बळकावून बसलं. घाबरट, बढाईखोर, पण मनानं चांगलं. असं पात्र हाती लागलं की शहाण्या बोक्याचं कोण ऐकतो! १९४४ मध्ये त्या दैनिकावर नाझींचा ताबा पक्का झाला तेव्हा टोंडर यांनी मालिका थांबवली. त्यांचा स्टुडिओ भूमिगत छपाईला हातभार लावत होताच. युद्धानंतर ती दुसऱ्या दैनिकात पुन्हा सुरू झाली आणि १९८६ पर्यंत चालली. एकूण १७७ कथा!

या कथांत संवादाचे फुगे नाहीत. वर चित्रं, खाली सलग गद्य. चित्रांना स्टुडिओतल्या सहकाऱ्यांचे हात लागत, पण शब्द टोंडर यांचे. बाबूशाही, पैसेवाले, विद्वान, सगळ्यांची टोपी उडवणारं ते गद्य इतकं कसदार होतं, की १९६७ पासून एका प्रतिष्ठित साहित्यिक प्रकाशनानं ते पुस्तकरूपात आणलं. किंमतही तिथेच मोजावी लागली. डच न येणाऱ्या वाचकाच्या हाती यातलं फार थोडं लागतं.

स्वार्ते यांचं उलटं. शिक्षण आइंडहोव्हनला, औद्योगिक डिझाइनचं. १९७१ मध्ये त्यांनी ‘मॉडर्न पापीर’ हे स्वतःचं नियतकालिक काढलं. सारख्या जाडीची रेघ, सपाट रंग, छायाछटांना जवळपास फाटा ही एर्जे यांची, म्हणजे टिनटिनच्या जनकाची, शैली. तिला ‘स्वच्छ रेषा’ हे नाव १९७७ मध्ये स्वार्ते यांनीच दिलं. मग त्याच सोवळ्या रेषेत त्यांनी योपो दे पोयोसारखी विक्षिप्त पात्रं आणि प्रौढांचा वात्रटपणा भरला. पुढे ही रेषा कागदावरून उतरून कुठे कुठे गेली: टपाल तिकिटं, रंगीत काचा, ‘न्यू यॉर्कर’ची मुखपृष्ठं. हारलेममधल्या टोनेलस्खूर नाट्यगृहाची मूळ कल्पनाही त्यांचीच. वास्तुरचनाकारांच्या साथीनं ती इमारत २००३ मध्ये उघडली. व्यंगचित्रकारानं नाट्यगृह बांधावं, याचा मला अजून हेवा वाटतो.

मग निवड कशी करायची? रोज ठरल्या वेळी काम देण्याची शिस्त असेल आणि चित्रापेक्षा वाक्य आधी सुचत असेल, तर टोंडर यांच्याकडे पाहा. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की त्यांना चार दशकं रोज जागा देणारी दैनिकं होती. आज तशी जागा शोधूनही सापडणं कठीण. त्यामुळे नव्या माणसाला मी स्वार्ते यांचाच रस्ता सुचवीन. एका मालकावर विसंबायचं नाही, आणि जागा नसेल तर ती स्वतः तयार करायची. हारलेमचा कॉमिक्स महोत्सव १९९२ मध्ये सुरू करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

मात्र गोष्टी सांगण्याची भूक मोठी असेल तर इथे उपाशी राहाल. स्वार्ते यांच्या कॉमिक्सचा इंग्रजी संग्रह २०१२ मध्ये निघाला, तेव्हा चार दशकांचं बहुतेक काम एकाच पुस्तकात मावलं. मधली वर्षं खिडक्या, मुखपृष्ठं आणि इमारतींनी खाल्ली होती.