कोजागरी, गच्ची आणि भाड्याचा प्रोजेक्टर

आधीच सांगून टाकते, ह्या सेवेला मी पाचपैकी चार तारे देतेय, पण त्या चारांवर फार विसंबू नका. प्रेक्षकच असे होते की मोजमाप चुकलं.

कोजागरीला इकडे हिंदी मुलखात, रामबागेतल्या आमच्या गच्चीवर दरवर्षी दूध आटतं आणि भेंड्यांमध्ये तीच पाच गाणी ओढली जातात. यंदा सिनेमा लावायचं ठरलं. प्रोजेक्टर, आठ बाय सहाचा पडदा, दोन स्पीकर आणि सगळं लावून देणारा मुलगा, रात्रीचे अडीच हजार. पाचशे आगाऊ. सिनेमा आपला आपण आणायचा. कोणता, ह्यावर चर्चाच झाली नाही. 'अशी ही बनवाबनवी'ची डीव्हीडी कपाटात होतीच.

मुलगा सातला येणार होता, सव्वाआठला उगवला. "आंटीजी, टेंशन मत लो." हात मात्र चपळ. पाण्याची टाकी आणि कठड्याची सळई ह्यांच्यात पडदा ताणला, आणि वाऱ्याने शिडासारखा फुगू नये म्हणून खालच्या कड्यांतून दोरी ओवून दोन विटा लटकवल्या. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एक तारा त्या विटांचा.

मला धास्ती होती चंद्राची. पौर्णिमेच्या उजेडात पडद्यावर दिसणार काय? पण तीन हजार लुमेनच्या झोतापुढे चांदणं कुठल्या कुठे. घात केला गल्लीतल्या एलईडी दिव्याने. डावा कोपरा पांढराफटक. शेवटी त्या बाजूला दोरीवर दोन सतरंज्या टांगल्या. तुम्ही बोलावणार असाल तर अंधार पडल्यावर एकदा गच्चीवर जाऊन दिवे बघून या, हे काम तो करत नाही.

जुन्या सिनेमाचं चित्र चौकोनी, म्हणून दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. मुलाने न विचारता ते पडदाभर ताणलं आणि अशोक सराफ, म्हणजे सिनेमातले धनंजय माने, एकदम आडवे झाले. "अरे, माने सुजले!" काका ओरडले. लगेच पूर्ववत केलं.

खरी खोट आवाजात. स्पीकर ब्लूटूथवर, त्यामुळे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. माझं डोकं उठलं. बाकी कोणाच्या हे लक्षातही आलं नाही, कारण गच्चीवरची चाळीस माणसं प्रत्येक वाक्य पात्राच्या आधीच म्हणून मोकळी होत होती. दारात उभं राहून मान्यांची चौकशी होते, तिथे तर स्पीकरचा आवाज पोचेपर्यंत हशा होऊन गेलेला. मध्यंतरात मी वायर लावायला सांगितली. ती त्याच्या पिशवीतच होती! एक तारा त्या वायरीपायी गेला.

दूध पिता पिता भाच्याने वाद काढला. त्याच्या मते हा कल्ट सिनेमा, म्हणजे चाहत्यांच्या वेडाने जगलेला, नव्हेच, कारण तो १९८८ साली लागला तेव्हाच धो धो चालला. कल्ट म्हणजे १९७५ चा 'द रॉकी हॉरर पिक्चर शो', आधी पडला आणि १९७६ पासून न्यूयॉर्कमधल्या मध्यरात्रीच्या खेळांनी उभा राहिला. लोक पात्रांचे वेष करून जातात, लग्नाच्या प्रसंगाला तांदूळ उधळतात, पडद्याला उलट उत्तरं देतात. असेल. पण आम्हाला हा सिनेमा थिएटरात भेटलाच नाही. पुण्याच्या मावशीने आणलेली कॅसेट, भाड्याचा व्हीसीआर, आणि एका रात्रीत दोनदा पाहायचा कारण सकाळी मशीन परत. गंमत म्हणजे तो ज्यावरून घेतला, तो हृषीकेश मुखर्जींचा १९६६ चा 'बीवी और मकान', हिंदी मुलखात जन्म काढूनही आमच्या गच्चीवर एकट्या नानांनी पाहिलेला.

माझी भाची इथल्या हिंदी शाळेत वाढली. तिचं मराठी निम्मं आजीचं आणि निम्मं ह्या सिनेमाचं. 'वारले' हा शब्द तिला फक्त सिनेमातल्या त्या बुडालेल्या, मान्यांच्या भाषेत 'वारलेल्या', सत्तर रुपयांसाठी ठाऊक होता. शेजारचे आजोबा वारल्याचा फोन आला तेव्हा ही आठ वर्षांची पोर खुदकन हसली आणि "किती?" म्हणाली. तिच्या आईला अजून त्या घरासमोरून जाताना कानकोंडं होतं.

असे प्रेक्षक. ह्यांना चित्र नसतं, आवाज नसता, तरी चाललं असतं. तेव्हा न पाहिलेला सिनेमा लावायचा असेल तर माझे चार तारे अडीच समजा, आणि वायरीचं बुकिंगच्या वेळीच बोलून घ्या. लग्नाची व्हिडिओ, क्रिकेट, ह्याला चालेल.

साडेबाराला मुलगा वायरी गुंडाळायला लागला. उरलेले दोन हजार द्यायचे होते. काकांनी गंभीर चेहऱ्याने एकोणीसशे तीस हातात ठेवले. त्याने मोजले, परत मोजले. "अंकल, सत्तर कम हैं." गच्ची कोसळायची बाकी राहिली. तो बिचारा एकेकाच्या तोंडाकडे बघत उभा. मग काकूंनी पदराआडून सत्तर रुपये काढून दिले, वर केशरी दुधाचा पेला.