उलट ब्रेकचा लेझर वॉकर: आईसाठी घेतला, पाच महिन्यांनंतर लिहितेय

पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता, आता चार देतेय. आईला पार्किन्सन होऊन नऊ वर्षं झाली. थरथर तशी कमीच, खरा त्रास चालण्याचा. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, दारात नाहीतर वळताना हमखास, आणि अंग मात्र पुढे जायला बघतं. फ्रीझिंग म्हणतात त्याला.

आधी साधा चाकांचा वॉकर होता, त्याने घात केला. ती पुढे झुकली की तो पळायचा आणि त्याच्यामागे हिची छोटी छोटी भरभर पावलं, एकदा तशीच जाऊन भिंतीवर आदळली, कपाळाला हे एवढं टेंगूळ. ह्या नव्या वॉकरचा ब्रेक उलटा आहे, म्हणजे लीव्हर दाबला तरच चाकं फिरतात, सोडला की जागच्या जागी उभा. ऐकायला भारीच वाटतं, पण घाबरलं की माणूस मूठ सोडत नाही, उलट आवळतो! पहिले काही दिवस आई घाबरली की मूठ घट्ट आणि वॉकर चालूच. शेवटी फिजिओने एकच शब्द ठरवून दिला, "सोड", आणि रोज दहा मिनिटं फक्त तेवढंच, दाब, दोन पावलं, सोड. मग जमलं. विकणाऱ्याने हे सांगायला काय हरकत होती? चाकं किती जड फिरावीत तेही अॅडजस्ट होतं, आमच्याकडे आला तेव्हा अगदी सैल होता, ते आम्हाला आठ दिवसांनी कळलं.

आता लेझर. बटण दाबलं की पायापुढे फरशीवर आडवी रेघ पडते आणि ती ओलांडायची. मला आधी खेळणंच वाटलं होतं. पण मधल्या दारात अडकलेली आई, मी "चल ना, चल ना" करून थकलेली, रेघ पडली आणि तिने पाय उचलून चिखल ओलांडावा तशी ओलांडली. माझ्या डोळ्यात पाणी आलं, ती म्हणाली, "रडतेस काय, बाजूला हो." आपोआप पडणारं पाऊल पार्किन्सनमध्ये बिघडतं, पण समोर ओलांडायला काही दिसलं तर मेंदू दुसऱ्या वाटेने काम करतो, असं फिजिओ म्हणाल्या.

पण सगळ्या वेळी नाही चालत. गोळीचा असर उतरला की रेघ असो नसो, ती उभीच, तेव्हा ओढायचं नाही, खुर्ची आणायची आणि थांबायचं. उन्हात रेघ दिसतच नाही. नक्षीच्या फरशीवर ती हरवते. आणि ती चालत असताना मी काही विचारलं की संपलंच, उत्तर द्यायला जाते आणि पाय थांबतात, त्यामुळे आमच्याकडे आता चालताना गप्पा बंद (हे मला सगळ्यात जड गेलं).

वजनाला चांगलाच जड आहे, पायऱ्यांवर शून्य उपयोग, गाडीत टाकताना माझी कंबर गेली. हँडलची उंची मात्र बघूनच घ्या, हात सरळ सोडला की मनगटाच्या रेषेपर्यंत यायला हवी, आम्ही आधी जास्त ठेवली होती आणि तिचे खांदे दुखायला लागले. वळताना जागेवर गिरकी नको, मोठा गोल घ्यायला लावा, म्हणजे पायात पाय अडकत नाही. बसायची सीट आहे, पण तिथे मी तिला बसवून ढकलत नाही, ती त्यासाठी नाहीच, फक्त दम खायला.

एक स्टार कापलाय तो बाथरूमच्या दारासाठी, तिथून हा जातच नाही, मोजून न घेण्याची चूक अर्थात माझी. तिथे आम्ही जमिनीवर पिवळी चिकटपट्टी आडवी लावलीय, तीही तेवढीच चालते आणि तिला बॅटरी लागत नाही.