जॅझच्या ‘ओरिजिनल’ रेकॉर्डी घेताना ४१,३५० रुपयांना बुडालो

आधी १५,००० ॲडव्हान्स, मग बाकीचे २३,५००, आणि वरून २,८५० लाकडी खोक्याचे नि विम्याचे. एकूण ४१,३५०. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पोलीस ठाण्याचं नाव आपोआप कळेल, आणि तिथं मला अजून खेटे घालायचेत.

पद्धत तुम्हाला माहीत आहे. ओळख वाढवायची, छोटा व्यवहार चोख करायचा, मोठ्यात मान कापायची. मलाही माहीत होती, पेपर मीही वाचतो. पण पेपरात येतं ते वीजबिलाचं, शेअर ट्रेडिंगचं, अडकलेल्या पार्सलचं. माइल्स डेव्हिसच्या एलपीचं जाळं मराठवाड्यात कुणी टाकेल, हे माझ्या बापजन्मी डोक्यात आलं नसतं.

संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी मिळून आमचा जॅझ ऐकणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे. बहुतेक सगळे साठीच्या आसपासचे, तरुणपणी रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकेवरचा विलिस कॉनोव्हरचा कार्यक्रम ऐकून बिघडलेले. घरात हे कुणालाच आवडत नाही, म्हणून आम्ही एकमेकांना धरून असतो. कधीतरी कुणाच्या घरी बसतो, चिवडा-चहा होतो, आणि कुठलं प्रेसिंग, म्हणजे रेकॉर्डची कुठली छपाई, चांगलं यावरून मध्यरात्रीपर्यंत भांडतो. अशा माणसांना फसवायला फार अक्कल लागत नाही. आपल्यासारखं बोललं की झालं.

मला रेकॉर्डी विकणारा हा तसाच बोलायचा. वांद्र्याचा आहे म्हणाला. जुना ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट याच्यावर तो इतकं छान लिहायचा: मूळ नाव अँटोनिओ झेवियर वाझ, ताजमधला बँड, सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला त्याचा ट्रम्पेट. ते सगळं खरं होतं. खोटे होते ते फक्त याचे काका. काका वारले, १९७८ च्या मुंबईतल्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाला पहिल्या रांगेत बसले होते, मागे चारशे रेकॉर्डी ठेवून गेले, काकूंना घर रिकामं करायचंय. कुणी गेलेल्या काकांचा संग्रह विकायला काढला, तर आधी काका खरंच जन्माला आले होते का ते बघा.

सुरुवातीला त्यानं मला कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापलेल्या दोन एलपी १,६०० रुपयांना दिल्या. चार दिवसांत घरपोच, कोपऱ्यांना पुठ्ठा लावून, आतल्या पिशव्या नव्या. ग्रुपवर मीच त्याची तारीफ केली. त्यानंतर लातूरच्या एका मित्रानं त्याला ९,००० पाठवले, ते माझ्या शब्दावर. तो मित्र अजून माझ्याशी बोलतो, हे त्याचं मोठेपण.

मग खरा माल दाखवला. माइल्सची ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९ ची मोनो, क्रमांक सीएल १३५५, कोलंबियाचं सहा डोळ्यांचं लेबल. आणि सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’, ब्लू नोट कंपनीची, क्रमांक १५७७. दोन्ही मिळून ३८,५००. जाणकार म्हणतील, एवढ्या स्वस्तात? ‘ब्लू ट्रेन’ची चांगल्या अवस्थेतली पहिली प्रत परदेशात लाखांत जाते, मला ठाऊक आहे. पण त्यानं स्वतःच सांगितलं की मुंबईच्या दमट हवेनं कव्हरं फुगलीत, दुसऱ्या बाजूला ओरखडा आहे, ‘तुमच्यासारख्या ऐकणाऱ्याला देतो, व्यापाऱ्याला नाही’. मालातला दोष जो स्वतःहून दाखवतो, त्याच्यावर संशय घ्यायचा कसा? आता सांगतो, त्याच्यावरच आधी घ्या.

मी आंधळेपणानं पैसे टाकले नाहीत. ‘ब्लू ट्रेन’च्या लेबलवर ब्लू नोटचा ‘४७ वेस्ट ६३’ हा पत्ता हवा, तो बघितला. डेड वॅक्समध्ये, म्हणजे लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत, ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डरची ‘आरव्हीजी’ खूण हवी, प्लास्टिलाइट कारखान्याची कानासारखी खूण हवी, त्यांचे फोटो मागितले. पाच मिनिटांत आले, आणि तिथंच मी थांबायला हवं होतं. ज्यानं कधी डेड वॅक्सचा फोटो काढलाय त्याला विचारा. टॉर्च तिरपी धरावी लागते, तबकडी फिरवावी लागते, दहा फोटो वाया गेल्यावर एक जमतो. याला पाच मिनिटांत दोन रेकॉर्डींचे सहा फोटो? ते परदेशी विक्रीच्या पानांवरून उचललेले होते. गूगल लेन्सवर टाकल्यावर लगेच सापडले, पण तेव्हा पैसे जाऊन महिना होत आला होता. फोटो कधीच नुसते मागू नका. आजच्या पेपरावर रेकॉर्ड ठेवून, शेजारी तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून व्हिडिओ मागा.

पण रात्री झोप येऊ देत नाही ती गोष्ट वेगळी.

‘काइंड ऑफ ब्लू’ कशी वाजते म्हणून त्यानं ‘सो व्हॉट’ची क्लिप पाठवली. २ मार्च १९५९ च्या सत्रात एक टेप मशीन हळू चालत होतं, त्यामुळे मूळ एलपीची पहिली बाजू, जिच्यावर ‘सो व्हॉट’ आहे, किंचित चढ्या सुरात वाजते. १९९२ मध्ये दुसऱ्या मशीनच्या टेपवरून दुरुस्ती झाली, त्याआधीच्या प्रतींत तो दोष आहेच. ही माहिती ग्रुपवर मी स्वतः लिहिली होती, लांबलचक, लोकांनी अंगठे दाखवले होते. आणि ती क्लिप आल्यावर मी काय केलं? पेटी काढली. पांढरी दोनवर बोट ठेवलं. तंतोतंत जुळलं. मधल्या भागात गाणं अर्ध्या सुरानं वर जातं तिथं काळी दोन, तीही जुळली. आणि मी खूश झालो! बायकोला हाक मारून ऐकवलं, ‘बघ, स्पीड किती परफेक्ट!’ १९५९ ची रेकॉर्ड जुळायलाच नको होती. जुळली, याचा अर्थ ती १९९२ नंतरची. माझीच माहिती, माझीच पेटी, माझाच कान.

खरं तर त्या रात्री शंका आली होती. पण टर्नटेबलचा पट्टा सैल असला की सूर उतरतो, तसं काहीतरी असेल असं मीच मला समजावलं. ज्याला ती रेकॉर्ड चाळीस वर्षं हवी आहे त्यानं दुसरं काय समजावलं असतं? नाव खात्यावर दुसऱ्याच बाईचं दिसत होतं, त्यावरही ‘मिसेसचं अकाउंट आहे, काका’ हे उत्तर मला पुरलं. खात्यावरचं नाव आणि माणसाचं नाव जुळत नसेल तर एक रुपयाही टाकू नका.

पार्सल ट्रॅव्हल्सनं आलं. लाकडी खोकं वगैरे काही नाही, साधा पुठ्ठा. आत दोन्ही रेकॉर्डी होत्या. मागच्या कव्हरच्या खालच्या कोपऱ्यावर जुन्या लायब्ररीसारखं पिवळं लेबल चिकटवलेलं. फोटोंतही तो कोपरा प्रत्येक वेळी त्याच्या अंगठ्याखाली होता. किटलीच्या वाफेवर लेबल सोडवलं, खाली बारकोड. पन्नासच्या दशकातल्या एलपीवर बारकोड! एक नवी पुनर्मुद्रित प्रत, दुसरी युरोपातली स्वस्तातली. तिकडं १९६३ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांचा कॉपीराइट संपलाय, कुणीही छापतं. दोन्ही नव्या घेतल्या असत्या तरी पाच हजारांत आल्या असत्या. नंतर त्यानं ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा’ म्हणून पाठवलं. तेवढा मी मूर्ख नाही.

आता सरकारी पाहुणचार. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लागला, तक्रार नोंदली गेली. पण पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तरच ते वाटेत अडवता येतात, आणि मला तर पार्सल यायची वाट बघण्यातच बारा दिवस गेले. मग ठाणं. तिथले साहेब म्हणाले, ‘सर, माल तर भेटला ना तुम्हाला? मग फसवणूक कशाची म्हणायलाव?’ मी बारकोड दाखवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला. ‘गाणं तेच हाय का यात?’ तेच आहे. ‘मग?’ मागून एक जण म्हणाला, ‘एक्केचाळीस हजारात तर नवी गाडी बुक झाली असती.’ हसले सगळे. मूळ प्रत आणि नवी प्रत यातला फरक मी समजावायला लागलो तर चहा आला, चहा प्यायले, मला सायबर सेलला पाठवलं. सायबर सेलनं सांगितलं, आधी ठाण्यात जा. ठाण्यानं सांगितलं, आरोपी मुंबईचा, मुंबईला द्या. अहो, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो, हे मी त्यांना सांगायचं? बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, कलम ३१८, जुनं ४२०, तेही मीच सांगितलं. ‘सर लई अभ्यास करून आलेत’ एवढीच पावती मिळाली. एफआयआरची नाही.

बँकेत वेगळाच सूर. मी स्वतः पिन टाकून पैसे पाठवले, म्हणजे व्यवहार अधिकृत. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा नियम माझ्या नकळत झालेल्या व्यवहाराला आहे म्हणे. मॅनेजर बाईंनी वर विचारलं, ‘या वयात ऑनलाइन कशाला घेता?’ बाई, संत्र्यांसारख्या या रेकॉर्डी मोंढ्यात मिळत असत्या तर तिथंच घेतल्या असत्या.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता, त्यामुळे ‘लेबल तुम्हीच लावलं नसेल कशावरून’ हेही ऐकलं. आणि दहा हजारांच्या वर माल असेल तर स्वतः जा. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रीतून मुंबई होते, स्लीपरच्या तिकिटासाठी शेत विकावं लागत नाही. चॅट डिलीट करू नका, यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) कागदावर लिहून ठेवा.

सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर माझी तक्रार अजून ‘प्रक्रियेत’ दिसते. या माणसानं आता नाव बदललंय, काका मात्र तेच आहेत, फक्त या वेळी ते पुण्याला वारले. ज्यांनी त्याच्याकडून घेतलं असेल आणि लाजेपोटी गप्प असतील, त्यांनी तक्रार टाका आणि त्याचा खाते क्रमांक मला कळवा, माझ्या तक्रारीतल्याशी ताडून बघू. त्याच खात्यावर दुसरी तक्रार दिसली तर निदान ‘माल भेटला ना’ म्हणायला साहेबांना थोडं जड जाईल.