स्कायट्रॅक गोव्यातल्या घरात: आकडे कुठे खरे, कुठे चुकतात

गोव्यात गोल्फ खेळायच्या जागा मोजक्याच, आणि जून लागला की चवथीपर्यंत सलग सराव जमणे कठीण. घरातच जाळी बांधून खेळणाऱ्यांसाठी स्कायट्रॅक हा लाँच मॉनिटर, म्हणजे फटक्यानंतर चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी सांगणारे मशीन, अजूनही विचारात घ्यावा असा आहे. 2023 मध्ये स्कायट्रॅक प्लस आला, त्यामुळे मूळ मॉडेल आता बहुधा सेकंड हँडच घ्यावे लागते. हे परीक्षण त्या मूळ मॉडेलचे. मत आधीच सांगतो: चेंडूचे आकडे भरवशाचे, क्लबचे (म्हणजे काठीचे) नाहीत. आणि आकडा चुकला तर दोष बहुतेक वेळा मशीनच्या बैठकीत, उजेडात किंवा दमट हवेत सापडतो.

मशीनमधून जमिनीवर लाल लेझरचा ठिपका पडतो म्हणून मोजमापही लेझरच करतो असा समज आहे. तसे नाही. ठिपका फक्त चेंडूची जागा दाखवतो. मोजमाप कॅमेरा करतो: चेंडू सुटल्यावर पहिल्या काही इंचांत एकापाठोपाठ फोटो घेतले जातात आणि त्यांवरून चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन, डावी-उजवीकडची दिशा, बॅकस्पिन (मागची फिरकी) आणि साइडस्पिन (बाजूची फिरकी) काढले जातात. कॅरीचे, म्हणजे चेंडू हवेत कापतो ते, अंतर या पाच आकड्यांवरून गणिताने येते. क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या डोक्याचा, वेग मूळ मॉडेल मोजतच नाही, चेंडूवरून अंदाज बांधते. म्हणून त्यावरचा स्मॅश फॅक्टर (चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग) बघून ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, बदलायला निघू नका. क्लबच्या वेगासाठी प्लसमध्ये वेगळा रडार दिला आहे.

सगळ्यात जास्त वेळ बैठकीवर घालवा. मशीन आणि चेंडू एकाच पातळीवर हवेत. सरावाची मॅट इंच-दीड इंच जाड असते. मशीन तसेच लादीवर ठेवले आणि चेंडू मॅटवर, तर तिरका येणारा किरण आधीच मॅटला लागतो, ठिपका मशीनच्या जवळ सरकतो आणि चेंडू कॅमेऱ्याच्या चौकटीत वर चढतो. मशीनखाली मॅटच्या जाडीचा आधार द्या. साधा प्लायवूड पावसात फुगतो आणि महिन्याभरात पातळी बिघडवतो. कडप्प्याचा तुकडा उत्तम, नाहीतर मरीन प्लाय. हा आधार मॅटला चिकटू देऊ नका, दोन बोटे फट ठेवा. फटक्याचा हादरा मॅटमधून मशीनपर्यंत गेला की ते दर खेपेला थोडे थोडे फिरते.

मग पाणसळ लावा, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे, आणि पाय फिरवून पातळी साधा. मशीन चेंडूच्या रेषेत एक अंश कलले तर उड्डाणाचा कोनही एक अंशाने चुकतो, तोही प्रत्येक फटक्यात, म्हणून लक्षात येत नाही. दिशेचेही तसेच. चेंडूपासून जाळीवरच्या लक्ष्यापर्यंत गवंड्याची दोरी ताणा आणि मशीनची पुढची कड तिला समांतर करा. दोन अंशांचा फरक 150 यार्डांवर साधारण 5 यार्ड होतो. सगळे सरळ फटके उजवीकडे जाताना दिसले तर हात बदलण्याआधी दोरी बघा. डावखुऱ्या खेळाडूसाठी मशीन समोरच्या बाजूला नेऊन अ‍ॅपमध्येही डावा हात निवडावा लागतो.

जागेबद्दल थोडे. जुन्या मंगळुरी कौलांच्या घरात मधल्या आढ्याखाली भरपूर उंची मिळते, पण दोन पावले बाजूला गेलात की छप्पर खाली येते. ड्रायव्हरसाठी नऊ-दहा फूट मोकळी उंची लागते. पंख्याची पाती हातात क्लब घेऊन, अगदी हळू स्विंग करून तपासा. जाळी चेंडूपासून आठ-दहा फुटांवर ठेवा. कॅमेऱ्याला इतके अंतर लागत नाही, पण परत उसळणारा चेंडू तुमच्या अंगावर येऊ नये म्हणून लागते.

बाल्कांवात (दारापुढच्या छपराखालच्या ओट्यावर) किंवा व्हरांड्यात मांडणार असाल तर दिशा बघा. दुपारनंतरचे ऊन थेट चेंडूवर किंवा कॅमेऱ्याच्या काचेवर आले की ठिपका फिकट होतो आणि फटके नोंदवलेच जात नाहीत. हॅलोजनचा दिवाही तसाच त्रास देतो. एलईडी चालतो, फक्त तो मशीनच्या तोंडासमोर नको. चौकटीत चमकणारी कुठलीही वस्तू नको, पांढरे बूटसुद्धा.

चेंडूची स्वच्छता इथे नुसती टापटीप नाही. स्पिन काढताना कॅमेरा चेंडूवरच्या खुणा किती फिरल्या ते बघतो. आपली चिऱ्याची तांबडी माती चेंडूला चिकटली की ती खूण समजली जाते किंवा खरी खूण झाकली जाते. चेंडू धुवा, पूर्ण पुसा, कंपनीचे नाव मशीनकडे करून ठेवा. कोऱ्या चेंडूवर काळ्या मार्करने ठळक खूण करा. पावसाळ्यात क्लबची फेस (चेंडूला लागणारी बाजू) हीही कोरडी हवी, कारण ओल्या फेसवर घर्षण घटते आणि स्पिन खरोखरच कमी होतो. तिथे मशीन बरोबर सांगत असते. स्पिनचा ढोबळ ताळा असा: आयर्नचा (लोखंडी क्लबचा) नंबर गुणिले हजार. 7 आयर्नला मिनिटाला 7000 च्या आसपास फेरे ठीक. मध्येच एखादा फटका 2500 दाखवत असेल, आणि चेंडू कोरडा व नीट लागलेला असेल, तर तो फटका सरासरीतून काढून टाका.

मॅटवर टी (चेंडू उंच ठेवायची खुंटी) लावताना ठिपका चेंडूच्या अंगावरच पडतो ना ते बघा. फार उंच टी ठेवली तर चेंडू तयार असल्याची खूणच अ‍ॅपमध्ये येत नाही.

जोडणीत नवशिक्यांचा वेळ जातो तो एकाच कारणाने. डायरेक्ट मोडमध्ये मशीन स्वतःचे वायफाय तयार करते, त्यात इंटरनेट नसते. फोनला वाटते की हे वायफाय बिघडले आहे, आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर किंवा घरच्या राउटरवर जातो. मोबाइल डेटा बंद करा, ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले ठेवा’ हा पर्याय निवडा, आणि आयफोनवर अ‍ॅपला लोकल नेटवर्कची परवानगी द्या. राउटरमार्फत जोडायचे तर 2.4 गिगाहर्ट्‌झचाच बँड लागतो. फर्मवेअर अपडेट सुरू असताना वीज जाण्याची शक्यता असेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

दमट हवेबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. दमट हवा जड नसते, कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते, त्यामुळे अंतर घटण्याचे कारण ती नव्हे. तिचा खरा त्रास काचेला. एसीच्या खोलीतून मशीन थेट व्हरांड्यात आणले की काचेवर वाफ धरते आणि अर्धा तास एकही फटका नीट वाचला जात नाही. पुसत बसू नका, पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. एरवी ते हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेल रंग बदलला की वाळवून घ्या.

सेकंड हँड घेताना काचेवर तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा सोडा. ठिपका गोल आणि रेखीव हवा. बॅटरी पूर्ण भरून तासभर चालू ठेवा आणि किती उतरते ते पाहा. धडधाकट बॅटरी पाचेक तास द्यायला हवी. अ‍ॅप तुमच्या खात्यावर चालते का ते विकणाऱ्यासमोरच तपासा. दुरुस्ती भारतात होणार की मशीन बाहेर पाठवावे लागणार, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. धातूची संरक्षक पेटी सोबत मिळत नसेल तर तिची किंमत सौद्यातून वजा करा, कारण शँक झालेला, म्हणजे क्लबच्या दांड्याजवळ लागलेला, चेंडू मशीनच्याच बाजूला उडतो.