एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स: कोकणातल्या ओटीवर मराठीतून खेळलेले एक जुने साहस

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो आणि लावणीची घाईही रविवारी दुपारी थोडी बाजूला ठेवता येते. त्यामुळे राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओटीवर पाच माणसे सलग चार तास एकत्र बसू शकतील असा काळ वर्षात तेवढाच मिळतो. गेल्या पावसाळ्यातल्या अशा सात रविवारी आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळाचे, म्हणजे प्रत्येकाने एकेका काल्पनिक पात्राच्या वतीने बोलायच्या आणि फाशांवर निकाल लागायच्या खेळाचे, ‘एक्स्पिडिशन टू द बॅरियर पीक्स’ हे साहस, म्हणजे छापील तयार कथानक, संपूर्णपणे मराठीतून खेळलो. मी सूत्रधार होतो, म्हणजे खेळाडूंना समोरच्या जगाचे वर्णन करून खेळ चालवणारा. खेळाडूंमध्ये होडी चालवणारा माझा आतेभाऊ, त्याची महाविद्यालयात शिकणारी मुलगी, शेजारच्या वहिनी आणि गावातले निवृत्त गुरुजी होते. हे परीक्षण मी सूत्रधार होऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहीत आहे. ज्यांना हे साहस खेळाडू म्हणून खेळायचे आहे त्यांनी येथेच थांबावे, कारण यातले रहस्य एकदा कळले की ते पुन्हा न कळल्यासारखे करता येत नाही.

या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी लिहिलेले हे साहस टीएसआर या कंपनीने १९८० मध्ये प्रसिद्ध केले, परंतु त्याचा पहिला प्रयोग १९७६ साली अमेरिकेतल्या ‘ओरिजिन्स’ या खेळ-मेळाव्यातील स्पर्धेत झाला होता. त्याच वर्षी जेम्स वॉर्ड यांचा ‘मेटॅमॉर्फोसिस अल्फा’ हा भरकटलेल्या अवकाशयानातला भूमिकाखेळ आला, आणि तलवारी व मंत्रांच्या जगात रमलेल्या खेळाडूंना विज्ञानकथेची ओळख करून देणे हा गायगॅक्स यांचा हेतू होता. विज्ञान आणि अद्भुत यांचे हे मिश्रण तेव्हाही अगदी नवे नव्हते. खेळाचे दुसरे निर्माते डेव्ह आर्नसन यांच्या १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ या नियम-पुरवणीतल्या बेडकाच्या देवळाचा प्रमुख पुजारी परक्या जगातून आलेला असून त्याची ‘सिद्धी’ म्हणजे त्या जगातली यंत्रे आहेत. १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात तर ‘गॅमा वर्ल्ड’ या दुसऱ्या खेळातल्या उत्परिवर्तित प्राण्यांच्या जगातून पात्रे इकडे आणण्याचे नियमही दिले होते. आज विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांची कपाटे वेगळी ठेवणाऱ्या वाचकाला याचे नवल वाटेल, पण हा खेळ घडवणाऱ्या पहिल्या पिढीने ती भिंत मानलीच नव्हती.

साहसाची मूळ कल्पना एका वाक्यात सांगता येते. ‘ग्रेहॉक’ या काल्पनिक जगातल्या एका डोंगररांगेतून विचित्र प्राणी बाहेर पडू लागतात, त्यांचा माग काढत गेलेल्या वीरांना डोंगराच्या पोटात धातूचे दार सापडते, आणि ते दार एका कोसळलेल्या अवकाशयानाचे असते. यानातली माणसे साथीच्या रोगाने केव्हाच मेली आहेत. यंत्रमानव, सांडलेली वनस्पतिसृष्टी आणि माजलेले प्राणी मात्र उरले आहेत. साहस ८ ते १२ पातळीच्या पात्रांसाठी आहे, म्हणजे ती चांगली मुरलेली असतात. माझ्या मते हीच गोष्ट कळीची आहे. ज्या खेळाडूने राक्षस, शाप आणि जादूचे सापळे यांची सगळी व्याकरणे पाठ केली आहेत, त्यालाच ते व्याकरण लागू न पडणारे जग समोर आल्यावर खरा धक्का बसतो.

साहसाबरोबर चित्रांची एक स्वतंत्र पुस्तिका येते. तिच्यात साठांहून अधिक चित्रे असून त्यांपैकी काही रंगीत आहेत, आणि वर्णन करण्याऐवजी सूत्रधाराने ती खेळाडूंपुढे धरावीत अशी अपेक्षा आहे. सुरुवातीला मी तसेच केले आणि ती चूक ठरली. पहिल्याच चित्रावर आतेभावाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, म्हणाली, “काका, हा तर रोबॉट आहे.” तिने काहीच वावगे केले नव्हते, परंतु त्या एका शब्दाने दार उघडण्याआधीच आतले सगळे प्रकाशात आले, आणि उरलेली दुपार नेहमीची लढाई होऊन गेली.

दुसऱ्या रविवारपासून मी पद्धत बदलली, आणि या साहसाने मला जे शिकवले ते तेथे सुरू झाले. आपल्या बोलण्यात यंत्रांची नावे बहुतेक इंग्रजीतून आलेली असतात. कार्ड, बटन, स्क्रीन, लिफ्ट, लेझर हे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात वस्तू तयार उभी राहते, आणि पात्र बिचारे मशाल हातात घेऊन मागेच राहते. म्हणून मी स्वतःवर एक बंधन घातले: यानाच्या आत असताना सूत्रधाराने यंत्राशी निगडित एकही आयता शब्द वापरायचा नाही, फक्त डोळ्यांना, हाताला, नाकाला आणि कानाला जे कळेल तेवढेच सांगायचे. दरवाजा न म्हणता ‘भिंतीतला सांधा’, कार्ड न म्हणता ‘हाताच्या तळव्याएवढी, हाडाची नव्हे, लाकडाची नव्हे, धातूचीही नव्हे अशी पातळ रंगीत पट्टी’. आपली तत्सम आणि देशी शब्दसंपदा अशा वेळी फार उपयोगी पडते, कारण तिच्यात वस्तू ओळखीची असते पण यंत्र ओळखीचे नसते. चित्रे मी रद्द केली नाहीत. वर्णन ऐकून खेळाडूंनी आपापले तर्क बोलून दाखवल्यावर मगच ती दाखवू लागलो, आणि तेव्हा ती कितीतरी अधिक परिणामकारक ठरली.

याचे फळ तिसऱ्या बैठकीत मिळाले. एका सांगाड्याजवळ त्यांना तशी एक रंगीत पट्टी सापडली होती आणि पुढचा सांधा काही केल्या हलत नव्हता. भिंतीत एक अरुंद फट आहे एवढे मी सांगितले. यानात ठरावीक रंगाच्या पट्ट्यांनीच ठरावीक दारे उघडतात, पण हे खेळाडूंना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

“ही दानपेटी असणार,” वहिनी म्हणाल्या. “आत जाण्याआधी काहीतरी अर्पण केले पाहिजे.”

“मग नाणे टाका,” आतेभाऊ म्हणाला.

“नाणे आपले. इथल्या राखणदाराला इथलेच काहीतरी दिले पाहिजे, भावोजी.”

गुरुजींनी पात्राच्या तोंडी रीतसर गाऱ्हाणे घातले, मेलेल्या माणसाची पट्टी त्याच्याच घराला परत करीत आहोत असे सांगितले, आणि वहिनींनी ती फटीत सरकवली. सांधा उघडला. पट्टी फटीतच अर्धी बाहेर राहिली होती. ती ओढल्यावर हातात परत आली. राखणदाराने अर्पण स्वीकारून प्रसाद परत दिला, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला आणि पुढच्या प्रत्येक दारापाशी तोच विधी केला. त्यांचा कार्यकारणभाव पूर्णपणे चुकीचा होता आणि कृती पूर्णपणे बरोबर होती. विज्ञान व अद्भुत यांचे मिश्रण खेळात नेमके कोठे होते हे मला त्या दुपारी समजले: एकाच खोलीत तलवार आणि किरणास्त्र ठेवल्याने ते होत नाही, तर एका जगातल्या माणसाने दुसऱ्या जगातल्या वस्तूला स्वतःच्या श्रद्धेने आणि अनुभवाने दिलेल्या अर्थात ते होते. म्हणून सूत्रधाराने असा अर्थ कधीही खोडून काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

अनोळखी उपकरणे वापरून पाहण्यासाठी साहसात दिलेले तक्ते हा याच विचाराचा यांत्रिक भाग आहे आणि तो आजही उत्तम चालतो. खेळाडू वस्तू हाताळतो, फासा टाकतो, आणि तक्त्यावर एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर सरकत जातो. वाट बरोबर पडली तर वस्तू कळते, चुकली तर इजा होते. आतेभावाच्या योद्ध्याने मूठ असलेली एक ‘काचेचा मणी जडवलेली काठी’ उलटी धरून स्वतःचाच खांदा भाजून घेतला, तेव्हा ओटीवर खरोखर शांतता पसरली होती, कारण त्या क्षणापर्यंत ती वस्तू शस्त्र आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते. अशी शस्त्रे ऊर्जेच्या चकत्यांवर चालतात आणि चकतीत मोजकीच शक्ती असते. जुन्या पद्धतीच्या खेळात मशाली, शिधा आणि बाण मोजण्याची शिस्त असते, तीच शिस्त येथे किरणास्त्रालाही लागू होते. तलवारीच्या जगात असे शस्त्र आल्यावर पुढची मोहीम, म्हणजे त्याच पात्रांची पुढची साहसे, बिघडेल ही भीती अनेक सूत्रधारांना वाटते. तिला गायगॅक्स यांनी दिलेले हे उत्तर मला पुरेसे वाटले.

यानाचे तोंड मी डोंगरात न ठेवता आमच्याकडच्या सड्यासारख्या, म्हणजे कातळाच्या पठारासारख्या, एका काल्पनिक सड्यावर ठेवले. पावसाने जांभा खचतो, कातळाखाली पोकळी उघडी पडते आणि आत धातूची भिंत दिसते, हे आमच्या खेळाडूंना बर्फाच्छादित शिखरांपेक्षा सहज डोळ्यांपुढे आणता आले. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे येथील कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते हे इकडे बहुतेकांना माहीत आहे. त्यावरून मी पहिला सुगावा रचला, की लोहचुंबकाची सुई एका विशिष्ट कातळावर दिशा सोडते. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवतो. कोकणातली कातळशिल्पे माणसांनी कोरली आहेत, कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या बाह्यरेषेत सामावलेल्या असंख्य आकृत्या पाहताना त्या माणसांच्या निरीक्षणशक्तीपुढे मान लवते, आणि युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत २०२२ मध्ये या कातळशिल्पांचा समावेश झाला आहे. ही चित्रे परग्रहवासीयांनी काढली असे खेळातसुद्धा सुचवणे मला आपल्या पूर्वजांवरचा अन्याय वाटतो. म्हणून आमच्या साहसात सड्यावरचे चित्र आकाशातून काहीतरी कोसळताना पाहिलेल्या माणसांनी कोरलेले होते, आणि ते नीट वाचणाऱ्या गुरुजींना यानाच्या आकाराचा अंदाज आधीच आला. मूळ साहसात नसलेली ही भर सात रविवारांतला सर्वांत समाधानाचा भाग ठरली.

आता उणिवा. यानाच्या पहिल्या मजल्यांवर राहण्याच्या खोल्या एकसारख्या आणि फार आहेत; एकामागून एक रिकामी खोली तपासताना वहिनींचा उत्साह स्पष्टपणे ओसरला, आणि मी शेवटी त्यांतल्या निम्म्याहून अधिक गाळून टाकल्या. प्राणी बहुधा आपापल्या जागी वाट पाहत बसलेले असतात. त्यांचे आपापसातले वैर, मैत्री किंवा हालचाल यांविषयी फार थोडे सापडते, त्यामुळे वाटाघाटी आवडणाऱ्या खेळाडूंसाठी सूत्रधाराला बरेच काही स्वतः रचावे लागते. वनस्पतींनी भरलेला बागेचा मजला याला मोठा अपवाद आहे. तेथे झाडाच्या खुंटावर सशासारखा एक गोजिरा जीव बसलेला दिसतो आणि तो खुंटच शिकारी असतो. पुतणीने त्या सशाला जवळ घेण्यासाठी हात पुढे केला तेव्हा मला फासे टाकवेनात. पुढे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये रुजलेले फ्रॉगहेमॉथ हे बेडकासारखे अजस्र प्राणी आणि वनस्पतिमय बुटके यांची पहिली ओळखही याच साहसात झाली. व्यायामशाळेतल्या मुष्टियुद्ध आणि कराटे शिकवणाऱ्या यंत्रमानवांचा प्रसंग मात्र मी वगळला, कारण माझ्या बंधनात राहून त्याचे वर्णन केले तरी तो गूढ राहत नाही.

यानातून बाहेर पडल्यावर मोहिमेचे पुढे काय करायचे याविषयीचे मार्गदर्शन अपुरे आहे. मोहीम लांब चालवणाऱ्यांनी याचा विचार आधीच करावा, कारण आकाशाच्या पलीकडून माणसे येऊ शकतात हे कळल्यानंतर पात्रांचे जग पूर्वीसारखे राहत नाही, आणि राहू देऊही नये.

खरेदीविषयी थोडक्यात. जुन्या छापील प्रती संग्राहकांकडे असतात आणि त्या आपल्यासारख्यांच्या आवाक्यात येणे कठीण. अधिकृत पीडीएफ मिळते, आणि मी तिच्याच प्रती छापून घेतल्या. चित्रांची पुस्तिका रंगीत आणि जाड कागदावर छापावी, नकाशे मात्र मोठे करूनच छापावेत, नाहीतर खोल्यांचे क्रमांक कंदिलाच्या उजेडात वाचता येत नाहीत. वीज गेल्यामुळे दोन रविवार आम्हाला तसे खेळावे लागले. गुडमन गेम्स या प्रकाशनाने २०१९ मध्ये मूळ साहस आणि खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांतले त्याचे रूपांतर एकत्र बांधून काढले आहे. नवे नियम शिकलेल्यांना ते अधिक सोयीचे पडेल. आम्ही मूळ आकडेच वापरले, आणि चिलखताचा आकडा जितका कमी तितके संरक्षण अधिक, ही जुनी रीत दोन बैठकांत सर्वांच्या अंगवळणी पडली.

सध्या आमच्या मोहिमेत ऊर्जेच्या दोन चकत्या उरल्या आहेत. एक आतेभावाच्या योद्ध्याकडे आहे. दुसरी वहिनींच्या पात्राने ग्रामदेवतेच्या देवळात, त्या रंगीत पट्टीशेजारी ठेवली असून गावातले लोक तिच्यापुढे फुले वाहू लागले आहेत. गणपतीला मुंबईहून दोन भाचे येणार आहेत, त्यांना यानाविषयी कोणी काही सांगितलेले नाही, आणि त्यांची पात्रे त्याच देवळाच्या पायरीवरून खेळात येतील.